टास्कबार लपवण्याआधी हात कुठे जातो ते पाहा

भिवंडीत कॉम्प्युटर कुठे बसवलेला असतो ते आधी डोळ्यांसमोर आणा. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली या पट्ट्यातल्या गोडाऊनमध्ये तो गाळ्याच्या तोंडाशी असलेल्या लहानशा केबिनमध्ये असतो. बाहेर टेम्पो भरून तयार आणि ड्रायव्हर ई-वे बिलाच्या कागदासाठी खिडकीशी उभा. नारपोली, पद्मानगर किंवा शांतीनगरच्या यंत्रमाग कारखान्यात तोच कॉम्प्युटर मेहताजींच्या टेबलावर असतो. पलीकडे लूमचा खडखडाट, टेबलावर सुताच्या चालानांचा गठ्ठा आणि स्क्रीनवर ताग्यांच्या मीटरचा हिशेब. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला आणि त्याच वर्षी २५ मेपासून महाराष्ट्रातल्या मालालाही ई-वे बिल लागू झाले. तेव्हापासून गाडी सुटणे हे स्क्रीनवरच्या कामावर अवलंबून आहे. अशा वेळी तळाची पट्टी नको त्या क्षणी वर आली आणि भलतीच खिडकी उघडली, तर दिवसभर त्या खुर्चीत बसणाऱ्याला ती गोष्ट लहान वाटत नाही.

ही पट्टी म्हणजे टास्कबार. विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ पासून ती आहे, आणि तिला आपोआप लपवण्याची सोयही तेव्हापासूनच आहे. लपवण्याचे कारण अगदी रास्त आहे. आपल्याकडे बिलाच्या टेबलावर अजूनही १३६६ बाय ७६८ पिक्सेलचे मॉनिटर पुष्कळ दिसतात. विंडोज १० ची पट्टी ४० पिक्सेल उंच असते, विंडोज ११ ची ४८. एक्सेलची नेहमीची एक ओळ २० पिक्सेलची. म्हणजे पट्टी लपवली की मीटर-वजनाच्या यादीत दोन ते अडीच ओळी जास्त दिसतात. नजर कमी झालेल्या माणसासाठी अक्षरे १२५ टक्के केली की विंडोज ११ ची पट्टी ६० पिक्सेलची होते आणि आधीच कमी असलेली उंची आणखी आखडते. म्हणून कोणी तरी पट्टी लपवतो. पहिल्या दिवशी स्क्रीन मोकळी वाटते आणि दुसऱ्या दिवसापासून चिडचिड सुरू होते.

चिडचिड का होते हे समजून घेतले की उपाय आपोआप सुचतात, म्हणून इथे जरा थांबू.

लपलेली पट्टी पूर्ण जात नाही. स्क्रीनच्या अगदी कडेला तिची एक-दोन पिक्सेलची बारीक रेघ उरते. माउसचा बाण त्या कडेला टेकला की पट्टी सरकत वर येते, बाण तिच्यावर असेपर्यंत थांबते, आणि बाण दूर गेला की क्षणभराने परत जाते. कडच का निवडली, याला चांगले कारण आहे. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हाताच्या हालचालींचा एक नियम मांडला. लक्ष्य जितके मोठे आणि जितके जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. स्क्रीनची कड या नियमात फार सोपे लक्ष्य ठरते, कारण माउस कितीही जोरात खाली ओढा, बाण कडेपलीकडे जाऊच शकत नाही. नेम धरावा लागत नाही. पण ज्या कारणाने पट्टीला बोलावणे सोपे होते, त्याच कारणाने ती न बोलावताही येते. घाईत हात जरा जास्त गेला की बाण कडेला थडकतो आणि पट्टी हजर.

एक्सेलमध्ये याचा सर्वात जास्त त्रास होतो. शीट बदलण्याच्या चिठ्ठ्या, निवडलेल्या आकड्यांची बेरीज दाखवणारी ओळ, झूमची सरकपट्टी हे सगळे खालच्या कडेला खेटून असते. तुम्ही ‘ऑगस्ट’ची शीट उघडायला जाता, बाण थोडा खाली जातो, पट्टी वर येऊन नेमकी त्या चिठ्ठ्यांवर बसते. तुम्ही सवयीने जरासे वर येऊन क्लिक करता आणि ती क्लिक पट्टीवरच्या चिन्हावर पडते. व्हॉट्सअ‍ॅप उघडते, नाही तर ब्राउझर. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही क्विट, अ‍ॅक्सेप्ट, डिलीट ही बटणे तळाच्या ओळीत असतात. तिथे माउसने काम करणाऱ्याची हीच गत होते.

हे घडले तर एकच सवय लावून घ्या. पट्टी चुकून वर आली की लगेच क्लिक करू नका. बाण पट्टीच्या उंचीपेक्षा बराच वर न्या, पट्टी खाली जाऊ द्या, मग हळू खाली या. अर्धा सेकंद जातो, पण भलतीच खिडकी उघडत नाही.

आता जो प्रश्न बहुतेक जण विचारतात त्याकडे. पट्टी किती वेळाने वर यावी, हे विंडोजमध्ये ठरवता येते का? सरळ उत्तर असे की त्यासाठी सेटिंग्जमध्ये कोणताही आकडा दिलेला नाही. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार या वाटेने गेलात तर ‘ऑटोमॅटिकली हाइड द टास्कबार इन डेस्कटॉप मोड’ असा एक खटका मिळतो. विंडोज ११ मध्ये त्याच वाटेने जाऊन ‘टास्कबार बिहेविअर्स’ उघडले की तसाच एक चौकोन मिळतो. चालू किंवा बंद, एवढेच. उशीर कमी-जास्त करण्याची जागा तिथे नाही.

यावर कोणी तुम्हाला रजिस्ट्रीत शिरायला सांगेल. तिथे ‘माउसहोव्हरटाइम’ आणि ‘मेन्यूशोडिले’ अशा दोन नोंदी आहेत आणि दोन्हींचा मूळ आकडा ४००, म्हणजे ४०० मिलिसेकंद असतो. पहिली नोंद बाण एखाद्या वस्तूवर किती वेळ थांबला की तो ‘थांबला’ असे मानायचे ते ठरवते, दुसरी उपमेन्यू किती उशिराने उघडायचा ते. लपलेल्या पट्टीच्या येण्या-जाण्याची वेळ त्यांच्यावर ठरत नाही. हे आकडे बदलून माणसे पट्टीत फरक शोधत बसतात आणि मेन्यू मात्र विचित्र वागू लागतात. ज्या मशीनवर पेढीचा सगळा हिशेब आहे, तिथे रजिस्ट्रीला हात लावू नका, असे मी ठामपणे सांगेन.

बाहेरची छोटी सॉफ्टवेअर टाकून हे साधता येते. विंडहॉक नावाच्या मोफत साधनात पट्टी माउसने न येता फक्त कीबोर्डने यावी अशी जोडणीही मिळते. घरच्या मशीनवर करून पाहायला हरकत नाही. पण ज्या मशीनला डिजिटल सहीचा टोकन लागतो, ज्यावरून बँकेचे पैसे फिरतात, तिथे विंडोजच्या आतल्या वागण्यात ढवळाढवळ करणारे काहीही टाकण्याआधी दोनदा विचार करा. पेढीची सुरक्षितता दोन ओळींच्या जागेपेक्षा फार मोठी आहे.

मग हातात काय उरते? बरेच काही, आणि तेच जास्त कामाचे आहे.

पहिले म्हणजे अर्धा तास फक्त स्वतःचा हात पाहा. काम नेहमीसारखे करा आणि बाण स्क्रीनच्या कोणत्या कडेला वारंवार जातो ते टिपा. वरच्या कडेला खिडकी बंद करण्याचे, लहान करण्याचे बटण आणि ब्राउझरचे टॅब असतात. उजव्या कडेला वर-खाली सरकण्याची पट्टी असते आणि टॅली वापरणाऱ्यांसाठी तिथेच बटणांचा रकाना. तळाला काय असते ते वर आलेच. राहिली डावी कड. तिथे एक्सेलच्या ओळींचे क्रमांक सोडले तर रोजच्या कामाचे फारसे काही नसते.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी माझा सल्ला यातूनच येतो. टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये ‘टास्कबार लोकेशन ऑन स्क्रीन’ अशी यादी आहे. तिथे ‘लेफ्ट’ निवडा आणि लपवणे बंद करा. १३६६ पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर टंचाई उंचीची आहे, रुंदी मुबलक आहे. साठेक पिक्सेल डावीकडे गेले तर बिलाच्या तक्त्यात काही बिघडत नाही, आणि तळाच्या दोन्ही ओळी मिळतात. पट्टी कायम समोर, उडी मारणे नाही, शोधणे नाही. पहिले दोन-तीन दिवस हात सवयीने तळाकडे जाईल, मग बसेल. डावी बाजू अजिबात नको असेल तर पट्टी खालीच ठेवून ‘यूज स्मॉल टास्कबार बटन्स’ चालू करा. ४० ची पट्टी ३० पिक्सेलची होते. माझ्या मते विंडोज १० वर लपवणे हा तिसरा पर्याय आहे, आणि या दोनपैकी एक जमला तर त्याची वेळच येत नाही.

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आले तेव्हा पट्टी डावीकडे किंवा वर हलवण्याची सोय काढून टाकली गेली. लहान स्क्रीनवर काम करणाऱ्यांना हा बदल फार जाचक ठरला. तिथे पट्टी तळालाच आहे असे धरून चालावे लागते. एक्सेलचे काम जास्त असेल तर पट्टी लपवण्याआधी जागा दुसरीकडून मिळवा. कंट्रोल आणि एफ१ एकत्र दाबले की एक्सेलची वरची जाडजूड रिबन मिटते आणि चारेक ओळी मोकळ्या होतात, म्हणजे टास्कबार लपवून मिळाल्या असत्या त्याहून जास्त. तेच पुन्हा दाबले की रिबन परत. ब्राउझरमध्ये ई-वे बिलाचा लांबलचक फॉर्म भरताना एफ११ दाबा. ब्राउझर पूर्ण स्क्रीन घेतो, टास्कबारही झाकला जातो, आणि काम झाले की एफ११ नेच परत येता येते. हवे तेव्हा हवी तेवढी जागा मिळते आणि दिवसभर पट्टीशी झटापट होत नाही.

हे करूनही विंडोज ११ वर पट्टी लपवायचीच असेल तर हात कडेला जाण्याचे निमित्त कमी करा. एक्सेलमध्ये शीट बदलण्यासाठी कंट्रोलबरोबर पेजअप आणि पेजडाउन वापरा. माउस तळाला न्यावाच लागत नाही. दुसरा उपाय साधा आहे, पण कोणी करत नाही. खिडकी पूर्ण मोठी करू नका. तिची खालची किनार ओढून स्क्रीनच्या कडेपासून बोटभर वर आणून ठेवा. शीटच्या चिठ्ठ्या वर सरकतात आणि त्यांच्याखाली हात चुकण्यापुरती रिकामी जागा तयार होते. लपवून मिळवलेल्या जागेतली थोडी यात परत जाते, हे खरे. पण उरते ती जागा शांतपणे वापरता येते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. लोक ज्याला ‘टास्कबारचा त्रास’ म्हणतात, त्यातला मोठा भाग पट्टीचा नसतोच. तो पट्टीवर बसलेल्या इतर गोष्टींचा असतो आणि त्यांना स्वतंत्र बंद करता येते.

उजव्या तळकोपऱ्यात एक अदृश्यशी जागा आहे. तिथे क्लिक पडली की सगळ्या खिडक्या एकदम खाली जातात आणि रिकामा डेस्कटॉप दिसतो. लांब यादी खाली सरकवताना हात उजव्या-खालच्या कोपऱ्यातच असतो, त्यामुळे ही क्लिक चुकून पडते. अर्धे भरलेले बिल नाहीसे झाले असे वाटून नवा माणूस घाबरतो आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतो. एकाच मालाची दोन बिले होतात, मग एक रद्द करण्याची धावपळ. बिल कुठेही गेलेले नसते. त्याच कोपऱ्यात पुन्हा क्लिक केले की सगळे परत येते. विंडोज ११ मध्ये ‘टास्कबार बिहेविअर्स’च्या यादीत ‘सिलेक्ट द फार कॉर्नर ऑफ द टास्कबार टू शो द डेस्कटॉप’ असे लिहिलेले आहे, त्याची खूण काढा. विंडोज १० मध्ये टास्कबारच्या सेटिंग्जमधला ‘यूज पीक’ने सुरू होणारा खटका बंद केला की कोपऱ्यावर बाण नुसता थांबल्याने खिडक्या पारदर्शक होणे तरी थांबते.

दुसरा उपद्रव हवामान आणि बातम्यांचा. विंडोज १० मध्ये ते उजवीकडे असते, विंडोज ११ मध्ये बहुधा डाव्या कोपऱ्यात. बाण नुसता वरून गेला तरी मोठा फलक उघडतो आणि अर्धी स्क्रीन झाकतो. विंडोज १० वर पट्टीवर उजवी क्लिक करा, ‘न्यूज अँड इंटरेस्ट्स’वर जा आणि ‘ओपन ऑन होव्हर’ची खूण काढा. विंडोज ११ वर टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये ‘विजेट्स’ सरळ बंद करा. गोडाऊनच्या केबिनमध्ये हवामान खिडकीतून दिसते. कामाच्या मशीनवर हा फलक नसलेलाच बरा. त्याने इंटरनेटही खर्च होते.

तिसरी गोष्ट अशी की पट्टी वर येते आणि परत जातच नाही. याचे नेहमीचे कारण म्हणजे एखादा प्रोग्राम लक्ष मागत असतो. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप, प्रिंटरची तक्रार, टॅलीचा एखादा प्रश्न मागच्या खिडकीत अडकलेला. त्या प्रोग्रामचे चिन्ह चमकत असते आणि तुम्ही त्यावर जाईपर्यंत पट्टी मागे हटत नाही. चमकणाऱ्या चिन्हावर एकदा क्लिक करा, काय विचारतोय ते पाहा, पट्टी जाईल. दलालांचे निरोप दिवसभर येत असतील तर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ‘टास्कबार बिहेविअर्स’च्या यादीत ‘शो फ्लॅशिंग ऑन टास्कबार अ‍ॅप्स’ आहे, ते बंद करा. काहीच चमकत नसूनही पट्टी अडकली असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा आणि ‘रीस्टार्ट’ करा. पट्टी क्षणभर नाहीशी होऊन ठीक होते आणि टॅलीतले किंवा ब्राउझरमधले काम जसेच्या तसे राहते. मात्र फाइलची नक्कल चालू असेल, पेन ड्राइव्हवर बॅकअप घेणे चालू असेल, तर ते संपू द्या, मगच हे करा.

जुन्या मशीनवर पट्टी सरकताना अडखळत असेल तर हालचालींचे देखावे बंद करून पाहा. विंडोज ११ मध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स, ‘अ‍ॅनिमेशन इफेक्ट्स’. विंडोज १० मध्ये ईज ऑफ अ‍ॅक्सेस, डिस्प्ले, ‘शो अ‍ॅनिमेशन्स इन विंडोज’. खिडक्यांच्या उघडमिटीतला रेंगाळलेपणा यामुळे कमी होतो.

इतके सगळे नीट लावूनही पट्टी आपोआप वर-खाली होत असेल तर संशय माउसवर घ्या. भिवंडीत तर आधी माउसवरच घ्यावा. लूमच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसात कापसाचे बारीक तंतू हवेत असतातच. ते पंख्यावर दिसतात, रजिस्टरवर दिसतात, आणि माउसच्या पोटातल्या छोट्या भोकात जाऊन बसतात ते मात्र दिसत नाहीत. त्या भोकातून माउस टेबलाचा पृष्ठभाग पाहत असतो. तिथे एक तंतू आडवा आला की बाण थरथरतो, उडी मारतो, कधी थेट तळाच्या कडेला जाऊन टेकतो, आणि दोष टास्कबारला मिळतो. माउसची वायर काढा, तो उलटा करा, भोकात हलकी फुंकर मारा, हट्टी तंतू कोरड्या मऊ ब्रशने किंवा कान साफ करायच्या काडीने अलगद काढा. खालच्या सरकत्या पायांवर साठलेला चिकट थरही पुसा. कारखान्याला लागून असलेल्या ऑफिसात हे आठवड्याला एकदा करायला हवे.

टेबलावर काच असेल तर साधा ऑप्टिकल माउस तिच्यावर नीट चालत नाही, कारण पारदर्शक पृष्ठभागावर त्याला पाहण्यासारखे काही मिळत नाही. एक जाडसर कागदी पुठ्ठा किंवा साधे पॅड टाका. महागाचे काही लागत नाही.

बाणाचा वेगही पाहा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये ‘माउस’ आहे, विंडोज १० मध्ये ‘डिव्हायसेस’खाली. वेगाची सरकपट्टी एक-दोन घरे मागे घ्या आणि अर्धा दिवस वापरून बघा. बाण जितका वेगवान तितका तो लक्ष्याच्या पलीकडे जातो. ज्यांचा हात वयाने थोडा कापतो, त्यांना हा एक बदल बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. त्याच ठिकाणच्या जादा सेटिंग्जमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ आहे. ते चालू असताना माउस झटक्यात हलवला की बाण प्रमाणाबाहेर दूर जातो. घाईत काम करणाऱ्याने ते एकदा बंद करून पाहावे. काहींना बंद बरे वाटते, काहींना चालू, इथे ज्याचा हात त्याने ठरवायचे.

काही पेढ्यांत टॅली दुसरीकडच्या सर्व्हरवर असते आणि इथून रिमोट डेस्कटॉपने उघडली जाते. तिथे दोन टास्कबार होतात, इथला एक आणि तिथला एक, दोन्ही तळाला एकावर एक. तिथला लपवू नका. त्याचे प्रत्येक सरकणे चित्ररूपाने नेटवरून यावे लागते, आणि नेट मंद असले की तो अर्ध्यातच लटकतो. त्याऐवजी रिमोटची खिडकी पूर्ण स्क्रीन करा, कंट्रोल, ऑल्ट आणि ब्रेक ही त्याची कळ. मग इथली पट्टी झाकली जाते आणि तिथली तेवढी दिसते. पूर्ण स्क्रीन असताना विंडोजची कळ दाबली की ती साधारणपणे तिथल्या मशीनला लागू होते, हे ध्यानात ठेवा.

पट्टी लपवली तर तिच्यासोबत काय काय लपते याचाही विचार करा. घड्याळ जाते. इंटरनेट आहे की नाही ते दाखवणारे चिन्ह जाते, आणि ई-वे बिल पाठवताना नेट तुटले तर साइट बंद आहे की आपले नेट, हे लगेच कळत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही टाइप करणाऱ्यासाठी भाषेचे चिन्ह तर फार गरजेचे. ते दिसत नसले की पासवर्ड मराठी कळफलकावर टाइप होतो आणि तीन वेळा चुकून खाते अडकते. यावर कळा आहेत. विंडोजची कळ आणि स्पेस दाबले की भाषा बदलते आणि कोणती आली ते दिसते. विंडोज आणि बी दाबले की घड्याळाकडचा भाग पुढे येतो. विंडोज आणि टी दाबले की पट्टी वर येते आणि बाणाच्या कळांनी तिच्यावरच्या चिन्हांवर फिरता येते. विंडोज आणि १, २, ३ असे आकडे दाबले की पट्टीवर त्या क्रमाने टाचलेले प्रोग्राम उघडतात. टॅली पहिल्या जागी, ब्राउझर दुसऱ्या, एक्सेल तिसऱ्या जागी टाचून ठेवा. ज्याने टॅली कीबोर्डवर शिकली आहे त्याला हे एका दिवसात जमते, आणि मग पट्टी दिसते की नाही याचे महत्त्वच कमी होते.

एकाच मशीनवर दोन पाळ्यांत दोन माणसे बसत असतील तर प्रत्येकाचे वेगळे खाते करा. सकाळच्याने लपवलेली पट्टी रात्रीच्याला सापडत नाही, तो मशीन बिघडले समजून दुरुस्तीवाल्याला फोन करतो. पट्टीची ही सेटिंग खात्यागणिक राहते, त्यामुळे खाती वेगळी असली की ज्याची सोय त्याच्यापाशी. ते शक्य नसेल तर पट्टी लपवूच नका. सामायिक मशीनवर सर्वांना दिसेल तेच योग्य.

शेवटी एक गट उरतो, आणि भिवंडीत तो लहान नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे वापरलेली म्हणून घेतलेली पुष्कळ मशीन त्यात बसत नाहीत. अशा मशीनसाठी विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम हा एक मार्ग आहे. टॅलीची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती नाही, म्हणून हिशेबाचे मुख्य मशीन त्यावर नेऊ नका. डिजिटल सहीचा टोकन जिथे लागतो तिथेही आधी खात्री करून घ्या. पण गोडाऊनच्या दाराशी असलेले, फक्त ब्राउझरमधून ई-वे बिल आणि ईमेल पाहणारे मशीन असेल, तर त्यावर लिनक्स मिंट जरूर पाहा. मोफत आहे आणि पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येते.

आणि जे विंडोजमध्ये मिळाले नाही ते तिथे मिळते. मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत पट्टीला पॅनेल म्हणतात. तिच्या रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करून ‘पॅनेल सेटिंग्ज’ उघडा. कायम दाखवा, आपोआप लपवा, किंवा शहाणपणाने लपवा, असे तीन पर्याय आहेत. तिसऱ्यात खिडकी पट्टीवर आली तरच पट्टी लपते. त्यांच्यासोबत ‘शो डिले’ आणि ‘हाइड डिले’ असे दोन आकडे मिलिसेकंदांत देता येतात. शो डिले ३०० पासून सुरू करा. चुकून कडेला लागलेला बाण बहुधा त्याआधीच परत फिरतो, मुद्दाम पट्टीकडे गेलेला मात्र थांबतो, म्हणून एवढा उशीर दोघांना वेगळे करायला पुरतो. तरीही पट्टी उगाच येत असेल तर ५० ने वाढवत जा. बोलावल्यावर वाट पाहावी लागते असे वाटले तर ५० ने कमी करा. हाइड डिले थोडा जास्त, ५०० च्या आसपास ठेवा, म्हणजे पट्टीवर पोचल्यावर हात जरा हलला तरी ती निसटत नाही. एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप वापरत असाल तर त्याच्याही पॅनेलच्या सेटिंगमध्ये उशिराने दाखवण्याचा आकडा आहे. केडीई प्लाझ्मात ‘डॉज विंडोज’ नावाचा, खिडकी आली की बाजूला होणारा पर्याय आहे.

यातला कोणताही बदल करायचा तर एका वेळी एकच करा आणि तो दोन दिवस वापरा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते. आणि महिन्याच्या ११ तारखेच्या जीएसटीआर-१ च्या किंवा २० तारखेच्या ३बी च्या तोंडावर करू नका. २१ नंतरचा, गाड्या कमी असतील असा एखादा दिवस निवडा.